अमेरिका–इराण तणाव पुढे कुठे जाईल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बातम्यांमध्ये धमक्या आणि क्षेपणास्त्रं दिसतात. पण या दोन देशांचं पुढे काय होणार हे बरंचसं कंटाळवाण्या वाटणाऱ्या तपशिलांवर ठरतं: युरेनियमचा साठा, बँकांचे परवाने, विम्याची कलमं, करारांच्या मुदती. खालची उत्तरं त्याच तपशिलांबद्दल आहेत. माहिती ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंतची आहे. त्यानंतर काही घडलं असेल तर आकडे बदलतील, यंत्रणा मात्र अशीच चालते.

थोडक्यात सांगा, युद्ध होणार की समझोता?

दोन्ही होऊ शकतं, आणि एकाच वर्षात होऊ शकतं. २०२५ मध्ये तेच झालं. १२ एप्रिलला ओमानच्या मध्यस्थीने मस्कतमध्ये बोलणी सुरू झाली. पाच फेऱ्या झाल्या, सहावी १५ जूनला ठरली होती. त्याआधी दोनच दिवस, १३ जूनला, इस्रायलने इराणवर हल्ला चढवला. २२ जूनला अमेरिकेच्या बी-२ विमानांनी फोर्दो आणि नतान्झ या इराणी अणुकेंद्रांवर जमीन भेदणारे १४ बॉम्ब टाकले आणि इस्फहानवर क्रूझ क्षेपणास्त्रांचा मारा झाला. २३ जूनला इराणने कतारमधल्या अल उदैद तळावर क्षेपणास्त्रं डागली आणि २४ जूनला युद्ध थांबलं.

आमचं मत असं आहे की नजीकच्या काळात पक्की मैत्री होणार नाही. झाले तर छोटे, मुदतीचे, सहज मोडता येणारे समझोते होतील आणि अधूनमधून भडका उडत राहील. तोडगा कुणाला सुचत नाही अशातला भाग नाही. केलेला करार टिकेल याची हमी दोघांपैकी एकालाही देता येत नाही, अडतं ते तिथे.

हे वैर मुळात सुरू कशावरून झालं?

तेलावरूनच. १९५१ मध्ये पंतप्रधान मोसाद्देक यांनी ब्रिटिशांच्या ताब्यातल्या तेल उद्योगाचं राष्ट्रीयीकरण केलं. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यांनी त्यांचं सरकार उलथवलं. इराणी माणूस कथा तिथून सुरू करतो. अमेरिकी माणूस ती ४ नोव्हेंबर १९७९ पासून सुरू करतो: तेहरानच्या दूतावासात ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले. एप्रिल १९८० पासून राजनैतिक संबंधच नाहीत. तेहरानमध्ये अमेरिकेचं काम स्वित्झर्लंडचा दूतावास पाहतो, वॉशिंग्टनमध्ये इराणचं काम पाकिस्तानच्या दूतावासातून चालतं.

३ जुलै १९८८ ही तारीखही लक्षात ठेवायला हवी. अमेरिकी युद्धनौका विन्सेन्सने इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली, त्यांत १० भारतीय होते.

२०१५ चा अणुकरार होता ना? तोच पुन्हा का करत नाहीत?

१४ जुलै २०१५ च्या करारात इराणने बरंच काही मान्य केलं होतं: समृद्धीकरण (युरेनियममधला उपयोगाचा भाग वाढवणं) ३.६७ टक्क्यांवर थांबवायचं, साठा ३०० किलोपेक्षा जास्त ठेवायचा नाही, नतान्झमध्ये ५,०६० जुन्या सेंट्रिफ्यूजच (समृद्धीकरणाची यंत्रं) चालवायच्या, फोर्दोत १५ वर्षं समृद्धीकरण करायचं नाही. इराण अटी पाळतो आहे असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, म्हणजे आयएईए, वारंवार सांगत होती. तरीही ८ मे २०१८ ला ट्रम्प यांनी अमेरिकेला त्यातून बाहेर काढलं.

हे शक्य झालं कारण तो करार सिनेटने मंजूर केलेला तह नव्हताच. तहाला सिनेटची दोन तृतीयांश मतं, म्हणजे शंभर जण हजर असतील तर ६७, लागतात. इराणच्या बाबतीत तेवढी मतं मिळणं आज अशक्यच म्हणा. इराणवरचे बरेचसे निर्बंध अमेरिकी काँग्रेसने कायद्याने घातलेले आहेत. राष्ट्राध्यक्ष त्यांना काही महिन्यांची स्थगिती देऊ शकतात आणि ती पुन्हा पुन्हा वाढवू शकतात, कायदा पुसू शकत नाहीत. एका राष्ट्राध्यक्षाचा शब्द पुढच्याला बांधत नाही तो यामुळे.

व्यापाऱ्यांनी याची किंमत मोजली आहे. डिसेंबर २०१६ मध्ये इराण एअरने ८० बोइंग विमानांची मागणी नोंदवली होती. २०१८ मध्ये परवाने रद्द झाले आणि एकही विमान पोचलं नाही. फ्रान्सची टोटाल कंपनी साउथ पार्स वायुक्षेत्राच्या अकराव्या टप्प्यातून बाहेर पडली. उद्या निर्बंध उठले तरी मोठी कंपनी पहिला प्रश्न विचारेल, "किती दिवसांसाठी?" त्यामुळे इराणला कागदावर सवलत मिळते, पैसा मिळत नाही.

इराणच्या बाजूनेही हमी कच्चीच आहे. सेंट्रिफ्यूज मोडता येतात. त्या कशा बनवायच्या हे शिकलेल्या हजारो अभियंत्यांचं ज्ञान कुठे टाकणार?

६० टक्के, ९० टक्के हे नक्की काय आहे? ६० म्हणजे अजून लांबचा पल्ला ना?

नाही. सर्वाधिक गैरसमज याच आकड्याबद्दल आहे, म्हणून हिशेब मांडूनच पाहू.

खाणीतून काढलेल्या युरेनियमच्या १,००० अणूंमध्ये उपयोगाचे, म्हणजे यू-२३५ चे, फक्त ७ असतात. सेंट्रिफ्यूजचं काम सुपात धान्य पाखडण्यासारखं: ते ७ राखायचे आणि बाकीचे उडवायचे. उडवताना वाया जाणारे कामाचे अणू धरले नाहीत तर हिशेब असा:

- ३.५ टक्क्यांवर यायला ८०० उडवावे लागतात. उरतात २००, त्यांत ७ कामाचे.
- २० टक्क्यांवर यायला आणखी १६५. उरतात ३५.
- ६० टक्क्यांवर यायला आणखी २३. उरतात साधारण १२.
- ९० टक्क्यांवर, म्हणजे शस्त्राच्या दर्जावर यायला आणखी फक्त ४.

म्हणजे ६० टक्क्यांपर्यंत पोचलेल्याची जवळजवळ सगळी मेहनत झालेली असते. इराणने एप्रिल २०२१ मध्ये ६० टक्के गाठले. आयएईएच्या अंदाजानुसार १३ जून २०२५ रोजी त्याच्याकडे असं ४४०.९ किलो युरेनियम होतं. संस्थेच्या मोजमापाने, पुढे आणखी समृद्ध केल्यास, साधारण ४२ किलोमागे एका बॉम्बपुरतं द्रव्य मिळतं. भागाकार तुम्हीच करा. द्रव्य हातात असणं आणि क्षेपणास्त्रावर बसेल असा बॉम्ब तयार असणं यांत मात्र अजून बरंच अंतर आहे आणि ते किती, यावर जाणकारांत मतभेद आहेत.

जूनच्या हल्ल्यांत यंत्रं मोडली. पण तो साठा नेमका कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहे हे निरीक्षकांना तपासता आलेलं नाही. हे युरेनियम वायुरूपात हाताळतात आणि थंड करून जाड सिलिंडरमध्ये भरून ठेवतात. असे सिलिंडर ट्रकमधूनही हलवता येतात. पुढची बोलणी असोत की पुढचा हल्ला, विषय याच सिलिंडरांचा असेल.

'स्नॅपबॅक' म्हणजे काय आणि त्याने काय बदललं?

२०१५ च्या करारासोबत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव २२३१ केला. त्यात 'स्नॅपबॅक' ही उलटी रचना होती: सहभागी देशाने इराणने करार मोडल्याची तक्रार केली की ३० दिवसांत सवलत चालू ठेवणारा नवा ठराव मंजूर व्हायला हवा, नाहीतर जुने निर्बंध आपोआप परत. म्हणजे नकाराधिकार वापरून निर्बंध अडवायची सोयच नव्हती. ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने २८ ऑगस्ट २०२५ ला ही कळ दाबली आणि सप्टेंबरच्या २७–२८ तारखेच्या रात्री शस्त्रं, क्षेपणास्त्रं, समृद्धीकरण यांवरचे निर्बंध परतले. रशिया आणि चीनला हे मान्य नाही. त्यामुळे आता एकच नियम अर्धं जग लागू आहे म्हणतं आणि अर्धं नाही म्हणतं. तेलविक्रीवर याचा थेट परिणाम कमी आहे. युरोपने मात्र हातातलं शेवटचं पान खेळून टाकलं.

इतके निर्बंध असताना इराणचं तेल विकलं कसं जातं?

तेल विकत घेणारा चीन आहे. इराणच्या कच्च्या तेलाच्या निर्यातीपैकी सुमारे ९० टक्के तिकडे जातं, आणि घेणाऱ्या बहुतांशी शानतुंग प्रांतातल्या छोट्या खासगी रिफायनऱ्या आहेत. या व्यवसायात त्यांना 'टीपॉट' म्हणतात. प्रवास साधारण असा असतो:

खार्ग बेटावर टँकर भरतो. इराणचं बहुतांश कच्चं तेल याच एका बेटावरून निघतं. मोठा टँकर असला की त्यात २० लाख बॅरल मावतात (एक बॅरल म्हणजे १५९ लिटर). जहाजाचं ठिकाण सांगणारं एआयएस यंत्र बंद केलं जातं किंवा खोटं ठिकाण दाखवायला लावलं जातं. मलेशियाच्या पूर्वेला, हद्दीबाहेरच्या समुद्रात दुसरं जहाज शेजारी येतं. दोघांच्या मधे धक्का झेलणारे मोठमोठे रबरी फेंडर सोडतात, दोर आवळतात, क्रेनने नळ्या जोडतात आणि तेल इकडचं तिकडे होतं. कागदावर ते आता मलेशियाचं. याचा पुरावा उघड्यावर आहे: मलेशिया जेवढं तेल काढतो त्यापेक्षा कितीतरी जास्त 'मलेशियन' तेल चीनच्या आयातीत नोंदलं जातं.

पैसे डॉलरऐवजी युआनमध्ये आणि अशा छोट्या बँकांतून फिरतात ज्यांचा अमेरिकेशी संबंध नाही. इराणला भावात सूट द्यावी लागते, मधल्या दलालांचा वाटा वेगळा, आणि उरलेल्या पैशाचा मोठा भाग चिनी माल घेण्यातच खर्च होतो. तेल विकलं जातंय, पण देश सावरत नाही. २०१५ मध्ये डॉलरला तीसेक हजार रियाल पडायचे. २०२५ मध्ये हा भाव दहा लाखांच्या पलीकडे गेला. औषधासाठी रांगेत उभा राहणारा इराणी माणूस या सगळ्यात कुठेच निर्णय घेत नसतो, हे विसरू नये.

अमेरिकेला हे दिसत नाही असं नाही. मार्च २०२५ पासून तिने काही टीपॉट रिफायनऱ्यांवर थेट निर्बंध घातले. पण पूर्ण रोखायचं तर मोठ्या चिनी बँकांना हात लावावा लागेल आणि बाजारातून रोजचे सुमारे पंधरा लाख बॅरल कमी होतील. ती भाववाढ कुठल्याच अमेरिकी राष्ट्राध्यक्षाला नको असते.

अमेरिकेचा कायदा भारतीय कंपनीला कसा काय लागू होतो?

कायदा म्हणून नाही, धाक म्हणून. प्राथमिक निर्बंध अमेरिकी नागरिक आणि कंपन्यांना बांधतात. दुय्यम निर्बंध बाकीच्यांना सांगतात: इराणशी व्यवहार करा किंवा आमच्या बाजारात राहा. डॉलरमधला जवळजवळ प्रत्येक व्यवहार कधी ना कधी न्यूयॉर्कमधल्या बँकेतून जातो, तिथे तो अडतो. २०१४ मध्ये फ्रान्सच्या बीएनपी पारिबा बँकेने सुदान, इराण आणि क्यूबाशी केलेल्या व्यवहारांपायी सुमारे ८.९ अब्ज डॉलर भरले. तेव्हापासून बँका कायदा सांगतो त्यापेक्षाही लांब पळतात. जुलै २०२५ मध्ये मिथेनॉल, टोल्यूइनसारखी इराणी पेट्रोकेमिकल्स घेणाऱ्या काही भारतीय व्यापारी कंपन्याही अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत गेल्या.

होर्मुझची सामुद्रधुनी इराण बंद करेल का?

आखातातून बाहेर पडायची ही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी २१ सागरी मैल आहे. मोठ्या जहाजांसाठी येण्याची आणि जाण्याची मार्गिका प्रत्येकी २ मैल रुंद, मधे २ मैलांची मोकळी पट्टी. २०२४ मध्ये इथून रोज सुमारे २ कोटी बॅरल तेल आणि तेलपदार्थ गेले, म्हणजे जगाच्या वापराचा पाचवा हिस्सा. जगातल्या एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) व्यापाराचाही सुमारे पाचवा हिस्सा इथूनच जातो, आणि तो मुख्यतः कतारचा.

इराणला कायमची बंदी परवडणारी नाही, कारण त्याचं स्वतःचं तेल याच वाटेने जातं आणि त्याचं गिऱ्हाईक चीन याच पाण्यावर अवलंबून आहे. पण 'बंद' या शब्दाने फसू नका. समुद्राला कुलूप लागत नसतं. चार पाणसुरुंग, दोन-तीन टँकरवर ड्रोन एवढ्याने जहाजमालक आपणहून थांबतात. १९८४ ते ८८ च्या 'टँकर युद्धा'त शेकडो जहाजांवर हल्ले झाले तरी वाहतूक चालू राहिली. वाहतूक थांबणार की नाही हे मालक, विमा कंपनी आणि खलाशी मिळून ठरवतात.

विम्याचा हिशेब पाहा. १० कोटी डॉलरच्या टँकरला एका फेरीचा युद्धविमा अर्धा टक्का लागला तर ५ लाख डॉलर. वीस लाख बॅरलवर वाटले की बॅरलमागे पंचवीस सेंट. म्हणजे नुसत्या विम्याने तेल महाग होत नाही. मालकाने फेरी नाकारली, जहाजं मिळेनाशी झाली, भाडं दुप्पट-तिप्पट झालं की भाव चढतो.

पर्यायी वाटा अपुऱ्या आहेत. सौदीची लाल समुद्रावरच्या यानबूपर्यंतची पाइपलाइन आणि अमिरातीची फुजैराची पाइपलाइन मिळून या दोन कोटींचा छोटा हिस्साच वळवू शकतात. कतारच्या वायूला तर दुसरी वाटच नाही.

आपल्या घरातल्या पेट्रोल-गॅसवर काय होईल?

पेट्रोलपेक्षा सिलिंडरची काळजी करा. कच्चं तेल रशिया, आफ्रिका, अमेरिकेतूनही आणता येतं, आणि विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरच्या भूमिगत साठ्यांत ५३.३ लाख टनांची जागा आहे, म्हणजे साधारण साडेनऊ दिवसांची गरज. एलपीजीचं तसं नाही. आपल्या वापरापैकी सुमारे ६० टक्के आयात आणि तीही बहुतांश आखातातून. एलएनजी सर्वाधिक कतारकडून येतो. सामुद्रधुनी काही आठवडे जरी ठप्प झाली तरी स्वयंपाकघराला आणि खत कारखान्यांना झळ आधी लागेल.

कच्च्या तेलाचा अंदाज बांधायला एक सोपा आकडा: भारत रोज ४५ ते ५० लाख बॅरल आयात करतो, म्हणून भाव बॅरलमागे १ डॉलर वाढला आणि वर्षभर टिकला तर आयातीचं बिल सुमारे १.७ अब्ज डॉलरने वाढतं.

भारत पुन्हा इराणचं तेल घेईल का? चाबहारचं काय?

निर्बंध शिथिल झाले तर घेईल, आणि लगेच. २०१९ पूर्वी इराण ६० दिवसांची उधारी द्यायचा. युको बँकेतल्या रुपयाच्या खात्यात आपण पैसे भरायचो आणि त्याच रुपयांतून इराण बासमती, चहा, औषधं न्यायचा. मे २०१९ मध्ये अमेरिकेची सूट संपली, तेल थांबलं, खात्यात नवे रुपये येणं थांबलं आणि पाठोपाठ निर्यातही आटली.

वेळ दवडल्याची किंमत फर्जाद-बी वायुक्षेत्रात दिसते. ओएनजीसी विदेशच्या गटाने ते २००८ मध्ये शोधलं. वाटाघाटी रखडत राहिल्या आणि मे २०२१ मध्ये इराणने ते आपल्याच पेट्रोपार्स कंपनीला दिलं.

इराणच्या चाबहार बंदराचं शहीद बेहेश्ती टर्मिनल भारताने चालवायचा दहा वर्षांचा करार १३ मे २०२४ ला झाला. अमेरिकेने त्याला दिलेली निर्बंधांतली सूट २९ सप्टेंबर २०२५ पासून काढून घेतली आणि ऑक्टोबरअखेर सहा महिन्यांसाठी पुन्हा दिली. दहा वर्षांचं बंदर सहा महिन्यांच्या परवान्यावर चालवायचं, तर क्रेनसाठी कर्ज कोण देईल?

इराणला किंवा आखातात माल पाठवतो. काय सांभाळायचं?

अन्नधान्य, औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना अमेरिकी निर्बंधांत सूट आहे. तरी व्यवहार अडतात ते बँकेत. म्हणून क्रम असा ठेवा:

1. ग्राहक, त्याची बँक, जहाज आणि जहाजाचा मालक हे चौघेही अमेरिकेच्या एसडीएन यादीत, म्हणजे निर्बंध घातलेल्यांच्या यादीत, आहेत का ते तपासा. यादीतल्यांची मिळून ५० टक्के किंवा जास्त मालकी असलेली कंपनीही बंदच धरली जाते, नाव यादीत नसलं तरी.
2. आपल्या बँकेकडून पैसे स्वीकारण्याची लेखी संमती माल भरण्यापूर्वी घ्या. तोंडी "होऊन जाईल"वर कंटेनर सोडू नका.
3. पैसे दुबईतल्या तिसऱ्याच कंपनीकडून येणार असं कळलं तर थांबा. खाती सर्वांत जास्त इथेच गोठतात.
4. मालाच्या नेहमीच्या विम्यात युद्ध वगळलेलं असतं. युद्धाचं कलम वेगळं घ्यावं लागतं आणि ते माल पाण्यावर असतानाच लागू असतं. गोदामात किंवा बंदराच्या यार्डात क्षेपणास्त्र पडलं तर भरपाई नाही. विमा कंपनी ७ दिवसांच्या सूचनेवर हे कलम रद्दही करू शकते.

मुलगा टँकरवर जाणार आहे. होर्मुझच्या फेरीबद्दल काय विचारावं?

हा प्रश्न कोकणातल्या आणि मुंबईतल्या घरांतून येतो आणि तो रास्त आहे. जुलै २०१९ मध्ये इराणने पकडलेल्या स्टेना इम्पेरोवर २३ पैकी १८ खलाशी भारतीय होते. एप्रिल २०२४ मध्ये पकडलेल्या एमएससी एरीजवर २५ पैकी १७, आणि ते जहाज न्हावाशेवाकडेच निघालं होतं.

एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना आहे का ते आधी पाहा. मग जहाजाचा सात अंकी आयएमओ क्रमांक मागा. नाव आणि झेंडा कितीही वेळा बदलला तरी हा क्रमांक बदलत नाही. त्यात एक पडताळा दडलेला असतो: पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करा, बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे सातवा अंक. ९०७४७२९ घ्या: ६३, ०, ३५, १६, २१, ४, बेरीज १३९, शेवटचा अंक ९. जुळला. जुळला नाही तर क्रमांक बनावट. पण जुळला म्हणजे सगळं ठीक असंही नाही, कारण भंगारात गेलेल्या जहाजांचे क्रमांक वापरणारे टँकरही फिरतात. जहाजाचं वय वीसच्या पुढे, वर्षभरात दोन-तीनदा बदललेला झेंडा, पी अँड आय विम्याचं (जहाजमालकाच्या जबाबदारीचा विमा) नाव सांगायला टाळाटाळ, आणि बाजारभावापेक्षा बराच जास्त पगार, या चार गोष्टी एकत्र दिसल्या तर करारावर सही करू देऊ नका. अशा जहाजावर काही झालं तर मागे उभा राहणारा मालक सापडत नाही.

चांगल्या कंपनीच्या जहाजावर सामूहिक वेतन करार असतो. ठरवून दिलेल्या युद्धक्षेत्रात जायला नकार देण्याचा आणि कंपनीच्या खर्चाने घरी परतण्याचा हक्क त्यात असतो. गेलात तर तेवढ्या दिवसांचा वाढीव बोनस आणि मृत्यू किंवा अपंगत्वाला दुप्पट भरपाई. कराराची प्रत घरी ठेवा आणि ही कलमं कुठल्या पानावर आहेत त्यावर खूण करा.

ब्रिटन किंवा युरोपचं नागरिकत्व घेतलं आहे. इराणला फिरून आल्यावर अमेरिकेला जाता येईल?

जाता येईल, पण व्हिसा काढून. १ मार्च २०११ नंतर इराणला गेलेल्यांना, काही सरकारी कामांचे अपवाद सोडले तर, ईएसटीए या ऑनलाइन परवानगीवरचा व्हिसामुक्त प्रवेश मिळत नाही. वकिलातीत मुलाखत द्यावी लागते आणि त्याला महिने लागू शकतात. अर्जात भेट लपवू नका, ते इराणच्या भेटीपेक्षा जास्त महागात पडतं. भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांना व्हिसा लागतोच, त्यामुळे हा नियम त्यांना वेगळा लागू नाही.